नोंद क्रमांक एक

ब्यूरेटच्या काचनळीतून शेवटचे थेंब सोडताना मान वर करायची नसते. हा नियम कुठल्या पुस्तकात लिहिलेला नाही. पण साकीनाक्याच्या एका गाळ्यावरच्या दुसऱ्या मजल्यावर, तपासणी प्रयोगशाळेत चोवीस वर्षे काढल्यावर केतन खरातच्या मानेने तो स्वतःपुरता करून घेतला होता. दुधाची आम्लता मोजताना पांढऱ्या दुधावर ज्या थेंबाने फिकट गुलाबी छटा येते आणि अर्धा मिनिट टिकते, तो थेंब अखेरचा. त्याच्या पुढचा थेंब ही चूक, आणि ती परत घेता येत नाही. नमुना फेकून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. जुलैमधल्या एका मंगळवारी, अकरा वाजून वीस मिनिटांनी, शेजारी ठेवलेला फोन उजळला आणि केतनने वर पाहिले. जात पडताळणी समितीकडून संदेश होता. कु. संघमित्रा केतन खरात यांच्या अर्जात त्रुटी आढळली आहे. श्री. किरण धोंडिराम खरात हे अर्जदाराचे कोण? सदर व्यक्तीचे नाव वंशावळीत नाही. सात दिवसांत खुलासा सादर करावा. त्याने पुन्हा खाली पाहिले तेव्हा वाडग्यातले दूध गर्द गुलाबी झाले होते, कुठल्याशा मिठाईसारखे. त्याने ते मोरीत ओतले, वाडगे विसळले आणि नमुन्याच्या नोंदीपुढे ‘पुनर्तपासणी’ असे लिहिले. अक्षर नेहमीसारखेच आले. हे त्याने मुद्दाम पाहिले.

ते नाव त्याने वीस वर्षांत छापलेले पाहिले नव्हते. त्यामागे ‘श्री.’ लागलेले तर कधीच नव्हते. विसाव्या वर्षी नाहीशा झालेल्या माणसाला ‘श्री.’ लागण्याइतके वय मिळालेले नसते. संगणकाने ते परस्पर देऊन टाकले होते. नाहीसा हा शब्दसुद्धा केतन मनात वापरत नसे. प्रयोगशाळेच्या अहवालात एखादा घटक सापडला नाही तर ‘नाही’ असे लिहीत नाहीत, ‘आढळले नाही’ असे लिहितात, आणि खाली बारीक अक्षरांत आपले उपकरण किती सूक्ष्म प्रमाणापर्यंत पाहू शकते तो आकडा देतात. त्या आकड्याच्या खाली काहीही असू शकते. नव्याने आलेल्या मुलींना तो हे पहिल्याच दिवशी शिकवी आणि त्या वहीत उतरवून घेत. त्याचा धाकटा भाऊ किरण २००५ सालच्या फेब्रुवारीपासून आढळला नव्हता.

वंशावळ केतननेच काढली होती. बारावी शास्त्र झालेल्या आणि अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षेत एक्याण्णव पर्सेंटाइल मिळवलेल्या मुलीला राखीव जागेवर प्रवेश हवा, तर जातीचा दाखला पुरत नाही. तो दाखला खरा असल्याचा दुसरा दाखला लागतो, त्याला वैधता म्हणतात, आणि ती ठरलेल्या तारखेपर्यंत हातात आली नाही तर जागा जाते. संघमित्राला जे कॉलेज हवे होते तिथली राखीव यादी गेल्या वर्षी नव्वदीवर थांबली होती. खुली यादी तिच्यापासून इतकी वर थांबली होती की तिचा विचार करण्यात अर्थ नव्हता. शिवाय खुल्या जागेची फी म्हणजे केतनचा आणि रुग्णालयात परिचारिका असलेल्या त्याच्या बायकोचा, चेतनाचा, मिळून वर्षाचा पगार. एवढ्या गोष्टी एका कागदावर उभ्या होत्या. कागदावर सगळ्यात वर पणजोबा, त्यांच्याखाली आजोबा, आजोबांखाली धोंडिराम. तिघांपुढे कंसात ‘मयत’. धोंडिरामखाली एक उभी रेघ आणि तिच्या टोकाला केतन. तो रेघा पट्टीने मारतो. तरीही ती रेघ धोंडिरामच्या नावाच्या मधोमध न उतरता किंचित डावीकडून उतरली होती. हाताने दोन फांद्यांच्या हिशेबाने सुरुवात केली होती आणि दुसरी काढायच्या आधी तो थांबला होता. उजवीकडे दीड इंच कोरा कागद राहिला. वंशावळीत प्रत्येक नावापुढे माणूस हयात आहे की मयत हे लिहायचे असते आणि खाली शपथेवर सही करायची असते, की वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे. केतनला दोनांपैकी एकही शब्द शपथेवर लिहिता येत नव्हता. म्हणून त्याने नावच लिहिले नाही. न लिहिणे म्हणजे खोटे लिहिणे नव्हे, असा त्याने युक्तिवाद केला होता. युक्तिवाद त्याला तेव्हाही पटला नव्हता. पण कागद पूर्ण झाला होता.

तो भुतांवर विश्वास ठेवत नसे. लहानपणी, वडील आरेच्या दुग्धशाळेत कामाला असताना आणि बिऱ्हाड तिथल्याच एका खोलीत असताना, झाडीतल्या रस्त्यावर पांढरी बाई दिसते असे सगळे सांगत. दहा वर्षांच्या केतनने सात संध्याकाळी त्या वळणावर उभे राहून पाहिले आणि आठव्या दिवशी किरणला, तेव्हा चार वर्षांच्या, ठामपणे सांगितले की तिथे काही नाही. किरणने विचारले होते, तू नसताना येत असेल तर? भुतांवर विश्वास नसला तरी केतनजवळ एक वही होती. जुनी, कॉलेजातल्या प्रात्यक्षिकांची, उजवीकडे रेघी आणि डावीकडे आलेख-कागद असलेली. तीत रकाने होते: क्रमांक, दिनांक, ठिकाण, अंतर, ओळखीचा आधार, निष्कर्ष. साकीनाका चौक, रस्त्यापलीकडे, चाळीस फूट, डावा खांदा खाली टाकून चालणे. नाही. जोगेश्वरीच्या गुंफांच्या पायऱ्या, पंधरा फूट, मानेचा मागचा भाग. नाही. आरेतून जाणारी बस, तीन आसने पुढे, कानामागे बोट फिरवण्याची सवय. नाही. दर वर्षी तो शोधत असलेल्या माणसाच्या वयात एक मिळवी, केस थोडे काढी, पोट थोडे घाली. वीस वर्षांत सदतीस नोंदी झाल्या आणि खऱ्या ओळखीचे प्रमाण शून्य होते. शास्त्रीय दृष्टीने एवढ्यावर निरीक्षण थांबवायला हवे होते. आणखी एक गोष्ट, जी वही चाळणाऱ्या कुणाच्याही लक्षात आली असती, पण ती वही कुणी चाळली नव्हती: नोंदी दोनपासून सुरू होत होत्या. पहिली ओळ रिकामी होती.

संध्याकाळी तो जोगेश्वरीला घरी पोहोचला तेव्हा संघमित्रा जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली होती आणि आई, चंपाबाई, खिडकीजवळच्या पलंगावर पाय लांब करून. आईच्या मांडीवर ती निळी प्लास्टिकची पिशवी होती. तिच्यात वडिलांचे कामाचे ओळखपत्र, दोन भावांचे शाळेचे दाखले आणि किरणचे कागद इतकी वर्षे तिच्या उशीखाली होते, हे केतनला ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते एवढेच, की आईने ती कुणापुढे उघडली होती. संघमित्राने उत्तर आधीच शोधून ठेवले होते. तिला प्रश्नाची वाट पाहण्याची गरज नव्हती.

“पोर्टलवर विचारतात ना, रक्ताच्या नात्यात कुणाची व्हॅलिडिटी आहे का म्हणून. आजीने काढून दिलं. जोड म्हणाली. मला काय माहीत, तुम्ही त्याला झाडातनंच काढून टाकलंय.”

केतनने पेला भरला. पाणी प्यायला.

“मी विचारलं तिला, हा कोण? तर म्हणे काका आहे तुझा. आहे, म्हणाली पप्पा. होता नाही म्हणाली.”

“कामाचा कागद होता. दिला,” आई खिडकीबाहेर पाहत म्हणाली. बुलढाण्याकडची तिची बोली मुंबईत पन्नास वर्षांत झिजली होती, पण तुटक बोलणे गेले नव्हते. “तवा एवढं हिंडून आणला पोरानं.”

एवढं हिंडून आणला, हे खरे होते. अठरा वर्षांचा किरण एकटा गावी गेला होता, आजोबांच्या शाळेतल्या नोंदवहीचा उतारा आणायला. मुख्याध्यापकांनी दोन दिवस बसवून ठेवले, तिसऱ्या दिवशी कपाट उघडले. नोंदवहीला वाळवी लागलेली होती. आजोबांचे पान राहिले होते, शेजारचे गेले होते. आता ते पानही नव्हते, अख्खे कपाटच नव्हते. त्यामुळे या घराण्यात १९५० च्या आधीचा एकच पुरावा उरला होता आणि तो किरणच्या वैधतेच्या पोटात होता. उताऱ्यातल्या एका रकान्यात एक शब्द होता. तो या घरात कुणी उच्चारत नसे. आजोबांनी तो ५६ साली सोडला होता आणि तरी दर पिढीला एकदा तो पुराव्यानिशी सिद्ध करून दाखवावा लागत होता. किरण एसटीतून उतरून धुळीने भरलेल्या केसांनी घरी आला, उतारा टेबलावर ठेवला आणि हसत म्हणाला, दादा, जे टाकून दिलं ना आपण, त्याची पावती घेऊन आलो. केतनला ते हसू आठवते असे तो समजत असे. अलीकडे त्याला शंका येऊ लागली होती की आठवते ते हसू नव्हे, वाक्य. हसू त्याने नंतर वाक्याला जोडले असावे.

त्या वर्षी अभियांत्रिकीचे प्रवेश समोरासमोर होत. मोठा हॉल, पुढे पडदा, त्यावर शिल्लक जागांचे आकडे, आणि क्रमांक पुकारला की टेबलाशी जाऊन तीन मिनिटांत सांगायचे, हे हवे. किरणच्या खांद्यावरच्या पिशवीत बी.एस्सी.चा दुसरा एक फॉर्म भरलेला होता, भौतिकशास्त्राचा. तो त्याने भावाला दाखवला होता आणि भावाने, बी.एस्सी. करून दुधाचे नमुने तपासणाऱ्या भावाने, त्याची घडी घालून परत दिली होती. टेबलामागच्या बाईंनी विचारले, बोल. किरणचे ओठ उघडले. इन्स्ट्रुमेंटेशन, असे केतन म्हणाला. विदर्भातले सरकारी कॉलेज, होस्टेल आहे, चालेल. बाईंनी किरणकडे पाहिले. किरण म्हणाला, बरं. एकंदर चाळीस सेकंद लागले. उरलेली दोन मिनिटे वीस सेकंद त्या दिवसापासून केतनजवळ शिल्लक होती.

संघमित्राच्या वेळी हॉल नव्हता. यादी घरी बसून भरायची, हव्या त्या क्रमाने, आणि गुरुवारी पाच वाजता ती बंद होणार होती. गेले आठ दिवस ती त्याला सांगत होती, पप्पा, एकदा क्रम बघा ना. गेले आठ दिवस तो म्हणत होता, तुझं तू ठरव. या उत्तरामागे किती विचार होता हे त्यालाच माहीत; तो त्या पडद्याजवळ जायलाच तयार नव्हता, कारण कुठल्याही ओळीवर आपली नजर अर्धा क्षण जास्त रेंगाळली तर तिला ते कळेल आणि ती बरं म्हणेल. त्या मंगळवारीही तिने लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला आणि त्याने तेच उत्तर दिले.

“शर्मिष्ठाचे पप्पा सुट्टी काढून बसलेत तिच्यासोबत,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “तुम्हाला ना, काही पडलेलंच नाहीये.”

तिने लॅपटॉप पुन्हा स्वतःकडे फिरवला. केतनला वाटले, इतक्या काळजीपूर्वक केलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष इतका उलटा निघू शकतो हे तपासून पाहायला हवे होते.

बुधवारी त्याने रजा घेतली. समितीच्या कार्यालयात लाकडी बाके होती, बाकांवर मुले आणि त्यांचे आईवडील, आणि प्रत्येकाच्या मांडीवर तीच एक प्लास्टिकची पिशवी, रंग तेवढे वेगळे. इतके मेलेले लोक एका खोलीत त्याने कधी पाहिले नव्हते. प्रत्येक पिशवीत एक पणजोबा, एक आजोबा, एखादी जमीन, एखादी शाळा; सगळ्यांना खिडकीपर्यंत न्यायचे आणि ओळख पटवून परत आणायचे. सव्वाबाराला त्यांचा क्रमांक आला. टेबलामागच्या बाईंना सगळे जानकी मॅडम म्हणत होते. पन्नाशीच्या, चष्मा डोक्यावर सरकवलेला, बोलणे भराभर. त्यांनी वंशावळ पाहिली, पेनाने धोंडिरामखालची कोरी जागा दाखवली आणि विचारले, की हा भाऊ इथे हवा ना? केतन हो म्हणाला. त्यांनी विचारले, हयात की मयत?

“माहीत नाही.”

“सख्खा ना तुमचा?”

“सख्खा.”

“मग असं कसं माहीत नाही? हे बघा दादा, मयत असेल तर मृत्यूचा दाखला लावा. हयात असेल तर त्यांचं प्रतिज्ञापत्र लावा, की ही माझी पुतणी आहे. दोन्ही नाही म्हणता, तर मी पुढे पाठवू काय?”

केतनने पुष्कळदा कल्पना केली होती की हा प्रश्न कुणीतरी विचारेल. पोलीस, नातेवाईक, कुणी जुना मित्र. तो एका टेबलापलीकडून, पुढचा क्रमांक उभा असताना, इतक्या सरळ व्यावहारिक शब्दांत येईल असे वाटले नव्हते. आईने सात वर्षे उलटल्यावरही, त्याला मयत ठरवून घ्यायला, कोर्टात जायला नकार दिला होता. माझ्या सहीनं माझं पोर मरणार नाही, असे म्हणाली होती. संघमित्राने पिशवीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला. पोलिसांतल्या तक्रारीची प्रत. किरणच्या होस्टेलच्या दूरच्या शहरातली, २१ फेब्रुवारी २००५ ची, खाली आईची सही. मजकूर केतनच्या अक्षरात होता. पोलीस ठाण्यातल्या हवालदाराने विचारले होते, चांगलं अक्षर कुणाचं आहे?

जानकी मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि कागद शेवटपर्यंत वाचला. मागे कुणीतरी घाई करू लागले. त्यांनी हाताने थांबा म्हटले. “हे आधी नाही का सांगायचं,” त्या म्हणाल्या, आणि आवाज पहिल्यापेक्षा खाली होता. मग त्यांनी सांगितले की हे चालू शकेल. तक्रारीसोबत एक खुलासा द्या, शपथेवर. तुम्ही स्वतः भावाला शेवटचं कधी पाहिलंत, कुठे, ते लिहा. नव्या वंशावळीत नाव घाला, पुढे बेपत्ता लिहा. तक्रारदार आई आहेत, तेव्हा खुलाशावर त्यांचीही सही लागेल. उद्या अकराच्या आत आणून द्या. समिती दुपारी बसते.

ते बाकावर येऊन बसले. संघमित्राने पाठीवरच्या पिशवीतून पॅड आणि पेन काढले. तुमचं अक्षर आता डॉक्टरसारखं झालंय, मी लिहिते, असे म्हणाली. सकाळपासूनचे तिचे पहिले नेहमीसारखे वाक्य. मी, केतन धोंडिराम खरात, वय शेहेचाळीस, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की. इथपर्यंत तिने न विचारता लिहिले. मग तक्रारीच्या प्रतीवर बोट ठेवून म्हणाली, “नऊ फेब्रुवारी ना?”

नऊ फेब्रुवारीला सकाळी किरणच्या खोलीतल्या मुलाने त्याला पिशवी घेऊन होस्टेलमधून बाहेर पडताना पाहिले होते. हे खरे होते आणि तक्रारीत होते. त्यामुळे पोलिसांनी त्या शहरात शोधले, तिथले स्टेशन, तिथला तलाव. केतन दोनदा तिथल्या शवागारात जाऊन आला आणि दोनदा नाही म्हणाला, आणि त्या दोन नकारांइतके स्वच्छ निष्कर्ष त्याला आयुष्यात फार मिळाले नव्हते. नऊ लिहिले तर कागद कागदाशी जुळेल. उद्या दुपारी समिती बसेल. मुलीची जागा राहील. वीस वर्षे त्याने नऊ हा आकडा सांभाळला होता, त्याच्यावर झोपला होता, आईला दिला होता, हवालदाराला दिला होता. तो आकडा त्याच्या अक्षरात होता आणि त्याच्या अक्षरात राहिला असता तर कदाचित त्याने तो तसाच पुढे नेला असता. पण आता पेन संघमित्राच्या हातात होते. तिने ‘दिनांक’ असे लिहिले होते, आणि त्यापुढची जागा तिच्या गोलसर, शाळेत बक्षीस मिळवलेल्या अक्षराची वाट पाहत होती.

“अकरा,” तो म्हणाला.

तिने प्रतीकडे पाहिले. “इथे नऊ आहे.”

“होय. अकरा लिही. शुक्रवार, दुपारी अडीच. साकीनाका.”

अकरा तारखेला दुपारी अडीच वाजता किरण दुसऱ्या मजल्यावर आला होता. दारातून आत, टेबलापासून चार फुटांवर. केतनच्या हातात ब्यूरेटची तोटी होती, दूध पांढरे होते, थेंब थेंब चालले होते. किरण म्हणाला, दादा, मला परत जायचं नाहीये तिकडे. नाही जमत. अजून बी.एस्सी.ला घेतील मला. केतनने मान वर केली नाही. खालीच पाहत तो म्हणाला, चार सेमिस्टर राहिलीत फक्त. ही जागा कुणा दुसऱ्याला मिळाली असती. घरी जाऊ नकोस, आईला यातलं काही सांगायचं नाही, आजच्याच गाडीने परत जा. डाव्या हाताने त्याने खिशातून तिकिटापुरते पैसे काढून टेबलाच्या कडेला ठेवले. एक हात आला आणि गेला. बरं, असे ऐकू आले. गुलाबी छटा आली, टिकली. त्याने आकडा वाचून लिहिला, आणि मग वर पाहिले. नमुना बरोबर निघाला होता. होस्टेलचे पत्र येईपर्यंत नऊ दिवस तो असे समजून चालला होता की किरण परत गेला. तक्रार लिहिताना आई त्याच्या खांद्याला खांदा लावून बसली होती; अकरा लिहिले असते तर ती विचारणार होती, काय बोलला? म्हणून नऊ. दोन दिवसांचा फरक आणि सातशे किलोमीटरचा.

हे सगळे त्याने संघमित्राला सांगितले, याच क्रमाने, बाकावर, समोर भिंतीकडे पाहत. ती लिहीत होती की नुसती ऐकत होती हे त्याला कळले नाही. मग तिने वाचून दाखवले: ‘मी माझ्या भावास शेवटचे पाहिले ते दिनांक अकरा...’

“पाहिले नको,” तो म्हणाला. “भेट झाली, असं लिही.”

“का?”

“मी वर पाहिलं नव्हतं.”

संघमित्राने तो शब्द खोडला. खोडलेल्या जागी तिने आद्याक्षरे करायला त्याच्यापुढे पॅड धरले, जसे तिला कुणीतरी शिकवले असेल, आणि त्याने केली. जानकी मॅडमनी मसुदा वाचला. तारीख जुळत नाही हे त्यांच्या ताबडतोब लक्षात आले. प्रतिज्ञापत्र तुमचं, तारीख तुमची, असे त्या म्हणाल्या. आईंनी याच्यावर सही केली तर मला हरकत नाही. नाही केली, तर तुमचे दोन कागद एकमेकांना खोटं पाडतील, आणि मग मुलीचं या वर्षी काही होणार नाही.

परतताना त्याने सरळ रस्ता सोडून आरेतून जाणारी बस घेतली. का, ते संघमित्राने विचारले नाही. गोठ्यांच्या लांबट कौलारू रांगा, ओल्या गवताचा आणि शेणाचा वास, मग झाडी. वडील गेल्यावर सोडलेली खोली कुठल्या वळणामागे होती ते तो डोळे मिटून सांगू शकला असता. दोन आसने पुढे एक माणूस बसला होता, चाळिशीचा, मागचे केस विरळ. कानामागे बोट फिरवीत होता. केतनने अंतर मोजले. मोजता मोजता त्याच्या लक्षात आले की सदतीसच्या सदतीस नोंदींत चेहरा कुठेच नव्हता. खांदा, मान, चाल, बोट. ज्याला वर पाहून पाहिले नाही त्याला ओळखण्याचा आधार तो दुसरीकडून गोळा करीत आला होता. रिकाम्या पहिल्या ओळीत काय लिहायला हवे हे त्याला नेहमीच ठाऊक होते. ठिकाण, प्रयोगशाळा. अंतर, चार फूट. ओळखीचा आधार, आवाज. निष्कर्ष, होय. संपूर्ण वहीतला एकमेव होय. माणूस उतरताना वळला. तो कुणीच नव्हता. संघमित्रा पप्पांकडे पाहत होती. तिने त्या माणसाकडे पाहिले, पुन्हा पप्पांकडे पाहिले, आणि खिडकीकडे तोंड फिरवले.

घरी आई जागेवरच होती. केतन पलंगाशी खाली बसला आणि त्याने खुलासा वाचून दाखवला, एकही शब्द न गाळता. वाचताना त्याने मान कागदावर झुकलेली ठेवली. मग, शेवटच्या ओळीनंतर, वर केली.

“नऊ नव्हती,” आई म्हणाली.

“अकरा.”

“साकीनाक्याला.”

“हो.”

साकीनाक्याहून हे घर बसने अर्ध्या तासावर. तिने मनात काय जोडले आणि काय वजा केले ते दिसत नव्हते. “मी घरीच होते त्या दिशी,” एवढे ती म्हणाली. खाली कुणीतरी गाडी मागे घेत होते. मग तिने विचारले, “जेवून आलता का?”

वीस वर्षे त्याने या प्रसंगाची उलटतपासणी केली होती. मूळ कारण, पर्यायी घटनाक्रम, दोषाचे वाटप. हा प्रश्न त्याच्या यादीत नव्हता.

“मी पाहिलं नाही, आई.”

तिने हात पुढे केला. कागदासाठी की कशासाठी हे क्षणभर त्याला कळले नाही. मग त्याने पेन दिले. साक्षरता वर्गात शिकलेली तिची सही, प्रत्येक अक्षर वेगळे, चंपा धोंडिराम खरात, घाई न करता पूर्ण झाली. तिने ती वाचली. कागद त्याच्याकडे परत करताना म्हणाली, “तारीख घाल खाली. आजचीच घाल.”

त्याने आजचीच घातली. आईने पिशवीतले उरलेले कागद एकावर एक ठेवले, पिशवीचे तोंड दुमडले आणि ती पाठ करून आडवी झाली. टेबलाशी संघमित्रा लॅपटॉप उघडून बसली होती. तो तिच्याजवळ गेला आणि म्हणाला, क्रम दाखव. तिची बोटे चालू होती. यादीतली एक ओळ वर जात होती, एक खाली. तिच्या डाव्या भुवईच्या टोकाशी एक बारीक, जुनी, पांढरट खूण होती. ती कधीची, कशाची, हे त्याला आठवेना.

“थांबा,” ती मान वर न करता म्हणाली.

तो चार फुटांवर होता. त्याने खुर्ची ओढली नाही, घड्याळाकडे पाहिले नाही. ती वर पाहीपर्यंत तो तिथेच उभा राहिला.